कुणाच्या नावानं

पडद्यावर परळ जळत होतं आणि रखमाला रडायचं होतं.

दादरच्या त्या डबिंग स्टुडिओत तिला आणलं होतं तिच्या सुनेनं. अनुजा तिथे नुकतीच कामाला लागली होती. अणुयुद्धावरच्या सिनेमासाठी बायकांचा आक्रोश हवा होता, आणि बोलावलेल्या नट्यांचं रडणं दिग्दर्शक पुष्करला खोटं वाटत होतं. खरं रडणारी बाई आणायची कुठून, म्हणून तो वैतागला, तेव्हा अनुजा बोलून गेली, माझ्या सासूबाई आहेत की. त्यात खोटं काही नव्हतं. घोडपदेवला त्यांच्या चाळीत कुणी गेलं की आधी डॉक्टरला बोलावणं जायचं आणि मग रखमाला. तिनं गळा काढला की दगडासारख्या बसलेल्या बायकांनाही रडू फुटायचं.

कानांवर हेडफोन चढवून ती माईकसमोर उभी राहिली. बॉम्ब पडून गेला होता. हीरो वाचला होता, तो वाचणारच. त्याचा कुत्राही वाचला होता. हिरॉइनच्या केसांना धूळ लागली होती, तीही शोभेल इतकीच. बाकी सगळी माणसं मेली होती. मागे एका चाळीच्या दारात एक बाई मांडीवर पोर घेऊन बसलेली होती. पोराच्या एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात नव्हती. बाईची पाठ इकडे होती. तोंड दिसत नव्हतं, म्हणून तर आवाज रखमाचा चालणार होता.

लाल दिवा लागला.

“अरे माझ्या झिला,” रखमानं सूर लावला, “माका सोडून खंय गेलंस रे…” आणि ती थांबली.

काचेपलीकडून पुष्करनं विचारलं, काय झालं, छान चाललं होतं. रखमानं विचारलं, पोराचं नाव काय?

पुष्करला हसू आलं. नाव नाहीये आजी, तो गर्दीतला आहे. आणि शब्दही नकोतच, नुसता आवाज द्या. शब्द आले की हीरोचे डायलॉग दबतात.

रखमानं त्याला समजावून पाहिलं. रडायचं म्हणजे गेलेल्याचं नाव घ्यायचं. त्याला काय आवडायचं, तो कुणाशी भांडायचा, काय मागायचा, ते एकेक काढायचं. नाव न घेता नुसता आवाज काय, कुकरही काढतो. पुष्करनं ऐकून घेतलं आणि घड्याळाकडे पाहिलं. अख्खी मुंबई मरते हो सिनेमात, म्हणाला, सगळ्यांची नावं कुठून आणू?

“त्या कुत्र्याला आहे ना नाव,” रखमा म्हणाली. “ब्रूनो. तीनदा हाक मारली तुमच्या हीरोनं.”

काचेपलीकडे पुष्करच्या खुर्चीमागे उभ्या अनुजानं मान खाली घातली. नोकरी नवी होती. पण रखमाच्या डोक्यात आता तिडीक गेली होती. पडद्यावरची चाळ तिनं नीट पाहिली होती. गॅलरीत पाण्याची पिंपं होती, रंगाच्या डब्यात लावलेली तुळस होती, वाळत घातलेल्या कपड्यांना चिमटेसुद्धा होते. म्हणजे कुणीतरी येऊन, डोळे फाडफाडून चाळ बघून गेलं होतं. पिंपं मोजून नेली, चिमटे नेले आणि माणसांना एक नाव विचारायची कुणाला गरज वाटली नाही. मरायला तेवढी आम्ही, असं ती पुटपुटली. माईकनं तेही ऐकलं असेल.

“बरं, घ्या मग कुठलंही नाव,” पुष्कर म्हणाला. “अनुजा, तुझा मुलगा अर्णव ना गं? आजी, अर्णव म्हणा. नातवाची माया आपोआप येईल आवाजात.”

जिवंत माणसाच्या नावानं रडायचं नसतं. खेळता खेळता एखाद्या पोरानं तसला गळा काढला, तर चाळीतली कुठलीही बाई त्याच्या तोंडावर चापट मारायची, पोर कुणाचंही असो. हे अनुजाला ठाऊक होतं. ती साहेबाला काही म्हणाली नाही, पण तिनं खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. तिची बोटं पांढरी पडलेली रखमानं पाहिली.

“सिनेमाच आहे ना आजी,” पुष्कर म्हणाला. “खरं थोडंच कुणी मरतंय?”

रखमानं पदर खोचला. वाद घालण्यात अर्थ नव्हता. ती माईकच्या आणखी जवळ सरकली.

“तुझं नाव पुष्कर,” ती म्हणाली. “घरात काय म्हणतात?”

“पुशू,” तो सहज बोलून गेला. “आई म्हणते.”

“आई आहे?”

“आहे. शीवला असते.”

“बरं. लाव दिवा.”

लाल दिवा लागला. रखमानं डोळे मिटले, मढ्याच्या उशाशी बसल्यावर ठेवायची तसा तळहात कपाळाला लावला आणि छातीभर श्वास घेतला. हेडफोनात तो श्वास पलीकडे पुष्करलाही ऐकू गेला. तिचं तोंड उघडण्याआधीच दिवा विझला.

“नको,” पुष्कर म्हणाला. त्याचा हात अजून बटणावरच होता. “ते नको, आजी.”

रखमानं डोळे उघडले.

“का रे बाबा? सिनेमाच आहे ना?”

त्यानं बटणावरचा हात काढून घेतला. अनुजानं खुर्ची सोडली आणि ती काचेच्या अलीकडे, सासूच्या शेजारी येऊन उभी राहिली. पडद्यावर चित्र थांबलेलं होतं. बाईची पाठ, मांडीवरचं पोर, एकाच पायातली चप्पल. त्याचं नाव अजून कुणी सांगितलं नव्हतं.