दादाचं गवत

महिनाभर न धुतलेल्या गाड्या. गुंडाळून ठेवलेली रबरी नळी. दोन भावांच्या घरांमधली कमरेएवढी भिंत. कोपऱ्यावर पाणीखात्याचा फलक: ज्याच्या पाण्यावर गवत पोसलं जाईल, त्याचा नळ बंद.

सगळी गल्ली पिवळी पडली होती आणि दादाच्या अंगणातलं गवत हिरवंगार होतं. धाकट्याने नाव न सांगता फोन केला. दुसऱ्याच दिवशी पाणीखात्याचा माणूस पाना घेऊन आला.

"अहो, एक थेंब घातला नाही हो मी," दादा काकुळतीला आला.

"मग काय, हवा पिऊन वाढतंय?" म्हणत त्याने नळ तोडला.

तेव्हापासून वहिनी रोज सकाळी भिंतीशी रिकामी बादली घेऊन उभी राहते.

"भावोजी, एवढी भरून देता?"

"विचारता काय वहिनी, तुमचंच घर आहे. फक्त दादाला सांगा, असं चोरून पाणी घालणं शोभत नाही."

आज वहिनी भरलेली बादली घेऊनही तिथेच थांबली.

"भावोजी, नळ तोडला, तरी गवत हिरवंच कसं हो?"

फोन करायच्या आदल्या दिवशी प्लंबरने धाकट्याला सांगितलं होतं, की त्याचीच पाण्याची लाइन दादाच्या गवताखाली फुटली आहे.