मोहाखालची पहाट

"आजी, एकदा काढली की ही आठवण तुमच्याकडे उरणार नाही," यंत्र चालवणारी मुलगी म्हणाली.

"ठाऊक हाय. काढ," बुधी ठाकरीण म्हणाली.

शेजारच्या खुर्चीत सरंजामेसाहेब डोक्याला तारा लावून पडले होते. नॉर्वेच्या एका कोळ्याच्या आठवणीतला समुद्र आणि एका जपानी म्हाताऱ्याच्या आठवणीतली बांबूची राई त्यांनी आधीच डोक्यात भरून घेतली होती. आता त्यांना ठाकरांचं रान हवं होतं. बुधीने ते फुकटात देऊ केलं, तेव्हा साहेबांना कोण आनंद झाला होता!

मुलीने बटण दाबलं. आईचा हात धरून मोहाची फुलं वेचायला गेलेली ती पहाट बुधीच्या मनातून पुसली गेली. ते झाड कसं दिसायचं, हेही तिला आठवेना. ते कुणी तोडलं, तेवढं मात्र तिने स्वतःकडे राखून ठेवलं होतं.

साहेब ढसाढसा रडतच उठले. "माझा मोह! कुठंय तो? मला आत्ताच्या आत्ता तिथं घेऊन चल!"

कितीतरी वर्षांनी बुधी पोटभर हसली.

"तुझ्या रिसॉर्टच्या तलावाखाली हाय, साहेब. तूच तोडलास. इतकी वर्सं मी रडले, आता तू रड."