बापाशीवर

दवाखान्याच्या बाकावर लेकीला, आल्बिनाला, शेजारी घेऊन बसलेला कायतान इंजेक्शनाच्या शेवटच्या बाटलीचं रबरी बूच अंगठ्यानं चोळत होता. दोन वर्षांपूर्वी बोटीनं मागवलेली क्षयाची इंजेक्शनं घेताना खोकला थांबला, तशी उरलेल्या बाटल्या त्यानं लेकीला कधी लागतील म्हणून राखून ठेवल्या. आता तेच औषध आल्बिनाला टोचून महिना झाला, तरी ताप उतरेना. मिरजेहून आलेला तिच्या थुंकीच्या तपासणीचा कागद वाचून डॉक्टरांनी विचारलं, “तुम्ही इंजेक्शनं अर्ध्यावर सोडलीत?” “होय. बरां वाटलां म्हणान.” “तुमच्यातले चिवट जंतू मेले नाहीत. त्यांची पिल्लंही तशीच निपजली. खोकल्यातून तीच हिच्यात आलीत. हे औषध त्यांना लागू पडणार नाही.” बाकावर पलीकडे बसलेल्या म्हातारीनं आल्बिनाची हनुवटी कौतुकानं धरली. “चेडू अगदी बापाशीवर गेलांहा,” ती म्हणाली. हे ऐकून एरवी फुलून जाणारा कायतान बाटली मुठीत धरून लेकीपासून हातभर लांब सरकला.