साल काढलेलं सासेज

"हे मास म्हणतीस, मग ह्याला साल कशी न्हाई गं?" साखराबाईनं डब्यात डोकावून विचारलं.

मुरुडच्या चावडीपुढं रांग लागली होती. पाऊस दडून दुसरं वर्ष. त्यात उस्मानाबादेतून सुटून लातूर जिल्हा नवा झालेला, म्हणून रेशनची कार्डंही नवी. कार्डाशिवाय ज्वारी नाही. पण धुरपताबाई रांगेत उभी होती ती पाव्हणी आल्यासारखी. दोन वर्षं मुंबईला लेकाकडं राहून परवाच परतली होती. लेक नरसिंग डबाबंद मांसाच्या कारखान्यात साहेब आहे, असं ती सांगे. गावच्या बाया माना डोलवत. एकटी साखराबाई डोलवत नसे. तिचं तोंड मिटवायलाच आज डबा फोडून आणला होता.

"साल असती की," धुरपताबाई म्हणाली. "मास बर्फ घालून गंधावानी वाटायचं. मशिनीनं कागदासारक्या नळीत भरायचं, धूर द्यायचा, उकडायचं. मग नळी सोलून फेकायची. सासेज डब्यात उभी लावायची, वरून मिठाचं पाणी, झाकण, अन् डब्यासकट पुन्हा उकडायचं."

"डब्यासकट?"

"त्याबिगर वरीसभर टिकंल व्हय? तुझं भाकरीसंगचं कोरड्यास न्हाई ते, सांजच्याला आंबायला."

रांग सरकली. साखराबाईनं एक सासेज उचलून हुंगलं, उलटंपालटं केलं. बोटाएवढं, गुळगुळीत.

"अन् सोलतं कोण?"

"बाया. ऊन ऊन असतानाच नखानं चीर द्यायची अन् ओढायची. गार झालं की मास संगं येतं. दिसभर हात मिठाच्या पाण्यात. बोटांची कातडी झिजती बिचाऱ्यांच्या."

"तू न्हाई सोललंस?"

"साहेबाची माय मी. दोन वर्षं इकडची काडी तिकडं केली न्हाई. खुर्चीत बसून बघितलं नुसतं."

साखराबाईनं सासेज डब्यात परत ठेवलं. "नशीब लागतं बाई," म्हणाली, आणि पहिल्यांदाच मान डोलवली.

धुरपताबाईनं पदर सावरला. नंबर तिचाच होता.

तलाठी व्यंकटरावांनी तिचा अंगठा शाईच्या गादीवर टेकवून वहीत दाबला. वाकून पाहिलं. फडक्यानं पुसून पुन्हा दाबला.

"दुसरा हात आणा, मावशी."

मागून साखराबाई टाचा उंचावून वहीत बघत होती. तीन ठसे उमटले होते. निळे, गोल, गुळगुळीत. रेघ एकातही नव्हती.