टीव्हीच्या काचेतला सोफा

नाताळचा तो चित्रपट बाजारात कधी मिळालाच नाही. म्हणून नॉर्बर्टने एका वर्षी टीव्हीसमोर कॅमेरा ठेवून त्याची टेप करून घेतली. अमेरिकेतल्या डुलुथच्या त्या घरात नाताळच्या आदल्या दुपारी, लोणी-साखर लावलेली लेफ्सा, म्हणजे बटाट्याची नॉर्वेजियन पोळी, खात, दरवर्षी तीच टेप लागायची.

बर्फातल्या काळोखाचा प्रसंग आला, की टेप केली त्या दिवशी टीव्हीच्या काचेत पडलेलं सोफ्याचं प्रतिबिंबही टेपमध्ये दिसे. त्यावर नॉर्बर्ट, त्याची बहीण आयोन, बायको आर्डिस आणि छोटी कारिन.

एका नाताळात टेपमधल्या त्या सोफ्यावर आयोन दिसली नाही. पुढच्या मार्चमध्ये ती वारली. पुढे एकदा नॉर्बर्ट दिसला नाही. तो उन्हाळ्यापर्यंतही टिकला नाही.

"यंदा टेप नको लावूया," आर्डिस म्हणाली.

"वा! मग कसला नाताळ?" कारिन हसली. "माझे रिपोर्ट चांगले आलेत, आई. आता तरी तोंड पाडून बसू नकोस. आणि लोणी मलाही ठेव!"

प्रसंग जवळ आला. देवा, यंदा मला उचल, आर्डिस मनात म्हणाली.

पडदा काळा झाला. सोफ्यावर तरुण आर्डिस एकटीच बसली होती. तिचा हात शेजारच्या रिकाम्या जागेवर, कुणाचे तरी केस कुरवाळावेत तसा, हळूहळू फिरत होता.