सरळ रेघ

जीवरसायनशास्त्राच्या वर्गात मुलं मोजून सहा. निळा रंग किती गडद येतो त्यावरून प्रथिनं मोजायच्या प्रॅक्टिकलला द्रावण दरवर्षी तेच, उत्तरही तेच. पाचजणांचे आकडे थोडे इकडेतिकडे यायचे, पण यंदा नव्याने आलेल्या मुलीचा आलेख पट्टी धरून काढावा तसा सरळ. सरांच्या मनात पाल चुकचुकली.

"एवढं नेमकं तर मलाही कधी जमलं नाही," ते लॅब असिस्टंटला म्हणाले. "ही नक्की कुणाची तरी जुनी वही बघून उतरवतेय."

चाचणीच्या दिवशी त्यांनी कुणाला पत्ता लागू न देता सहाही बाटल्यांत द्रावणाऐवजी साधं पाणी भरलं आणि तिच्यावर डोळा ठेवून बसले.

पाचजण वह्या ठेवून हसतखिदळत निघून गेले. ती मात्र वेळ संपली तरी नळ्या खिडकीच्या उजेडात धरून बघत होती. शेवटी रडवेली होऊन टेबलाशी आली.

"सर, तीनदा करून पाहिलं. निळा रंग येतच नाहीये. माझंच काहीतरी चुकतंय."

सरांनी बाकीच्या वह्या एकेक करून उघडल्या.



पाचही वह्यांत दरवर्षीचंच उत्तर होतं, थोडं इकडेतिकडे केलेलं.