तिसरा रंग

"गडबडे, डोळा लावलास की लगेच मोजायला लागू नकोस. स्क्रू फिरवत खाली उतर, मग वर ये. एका पेशीच्या आड दुसरी बसलेली असते."

बाईंचा हा आवाज कानात बसला त्याला बावीस वर्षं झाली. तेव्हा ती विद्यार्थिनी होती. सूक्ष्मदर्शकाच्या गार, अंधाऱ्या खोलीत दोघी एकाच शालीत बसायच्या. आता प्रयोगशाळा तिची होती आणि बाई काठी टेकत पाहुण्यासारख्या आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी जुन्या फ्रीजरवर हात ठेवला. हा अजून कण्हतोय का, म्हणाल्या. मला वाटलं होतं माझ्याआधी जाईल.

प्रौढ उंदराच्या मेंदूत नव्याने जन्मलेली चेतापेशी बाईंनी शोधली होती. रंगवल्यावर नव्या पेशीचं केंद्रक तांबडं दिसायचं, चेतापेशी हिरवी. तांबडं हिरव्याच्या पोटात दिसलं, म्हणजे नवी पेशी चेतापेशीच. त्या एका चित्रावर बाईंचं नाव झालं. आता पाठ्यपुस्तकाच्या नव्या आवृत्तीला तेच चित्र स्वच्छ करून हवं होतं. म्हणून तिने त्याच मेंदूचे जपून ठेवलेले काप काढले, नव्याने रंगवले. या खेपेला तिसरा, निळा रंगही घातला: चेतापेशींची देखभाल करणाऱ्या ग्लिया पेशींचा.

पडद्यावर त्रिमितीतलं चित्र उमटलं. तिने ते हलकेच कुशीवर वळवलं. हिरवी पेशी खाली राहिली. तांबडं केंद्रक तिच्या पोटात नव्हतं, पाठीवर होतं, आणि त्याच्याभोवती निळी झालर. दुसऱ्या कापात तेच. अकराव्यातही तेच.

"रंग मला आता धड कळत नाहीत गं," बाई म्हणाल्या. "तू सांग. पाठवू ना?"

नुसतं 'हो' म्हटलं असतं तरी भागलं असतं. बाईंनी तिच्या शब्दावर सही केली असती. तिने खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

"नको, बाई. पेशी नवीनच आहे. पण ती ग्लिया आहे. हिरवीला बिलगून बसलीय."

बाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"आज कळलं तुला?"

होकारार्थी मान हलवून मोकळं होणं सोपं होतं.

"नाही. स्क्रू फिरवताना तांबडं पाठीवर आहे हे तेव्हाच दिसलं होतं. पण त्या दिवशी तुम्ही खिडकीशी उभ्या राहून गुणगुणत होतात, बाई. मी तुम्हाला कधीच गुणगुणताना ऐकलं नव्हतं."